भरल्या टिपाडात आभाळ मावत नाही

लेकरा, डोक्यावर स्वतःची गच्ची आणि दारात दोन हात माती, म्हणजे आपल्या छत्रपती संभाजीनगरात तुझी गणना श्रीमंतांतच व्हायची. नळाला किती दिवसांनी पाणी येतं हे इथं पाहुण्याला सांगावं लागत नाही, दारातले निळे ड्रम मोजून तो समजून घेतो. ते पाणी पैठणच्या नाथसागरातून, पन्नासएक किलोमीटरवरून, पंपांनी चढवत आणलेलं असतं. जास्वंदीला ओतताना हात आखडतो आणि आखडायलाच हवा. पण गच्चीवर फुकट उतरणारं पाणी पन्हळीतून थेट रस्त्यावर सोडतोस, तिथून ते नाल्यात आणि नाल्यातून खाम नदीत जातं. तेवढं फक्त वळवायचं आहे. काम चार दिवसांचं, सवयी मात्र चार महिन्यांच्या. त्याच सांगते.

मृगाच्या आधी

१. मृग जूनच्या ७-८ तारखेला लागतो, पण गच्ची मे संपायच्या आत झाडून घे — रोहिणीतला वळीव पंचांग विचारून येत नाही. आधी झाडू, मग झड.

२. झाडताना कोपऱ्यांत वाक जरा: संक्रांतीचा मांजा, कपड्यांचे चिमटे, कडुलिंबाचा पाला, कैरीच्या कोयी — पन्हळीचं तोंड बंद करायला यातलं कुठलंही एक पुरतं.

३. पन्हळीच्या तोंडाशी पिंपळाचं रोप दिसलं तर दोन पानांचं असतानाच उपट — मोठं झाल्यावर उपटलंस तर सोबत गिलावाही हातात येतो.

४. गच्ची धुताना खराटा आणि साधं पाणी बास. फिनाइल, अ‍ॅसिड, कपड्यांची पावडर नको — गच्चीवर जे सांडशील तेच महिन्यानं कढीपत्त्याच्या मुळाशी पोचतं.

५. उन्हाळ्यात गच्चीला चुना किंवा नवा वॉटरप्रूफिंगचा थर दिला असेल तर सुरुवातीचे दोन-तीन मोठे पाऊस वाहू दे, धरू नकोस — चुन्याच्या पाण्यानं मोगऱ्याची पानं पिवळी पडतात आणि मग तू खतांच्या दुकानात हेलपाटे घालतोस.

६. जुना सिमेंटचा पत्रा असेल तर त्यावरचं पाणी भाजीला घालू नकोस — झिजलेल्या पत्र्यातून अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू सुटतात. लोखंडी पत्रा किंवा स्लॅब चालतो.

७. पाऊस यायच्या आधी पन्हळीत दोन बादल्या पाणी ओत आणि खाली जाऊन बघ किती वेळात येतं — चोंदलेला पाइप मेमध्ये दुरुस्त होतो, जुलैत प्लंबर फोन उचलत नाही. पन्हळ बुजली, भिंत भिजली.

८. पन्हळीच्या तोंडावर जाळी बसव, पण ती सपाट नको, घुमटासारखी फुगीर असू दे — सपाट जाळीवर एक पान बसलं की दार लागलं, फुगीर जाळीला बाजूनं वाट राहते.

९. हजार चौरस फुटांच्या गच्चीला चार इंची पाइप घाल, प्लंबर दोन इंचीवर भागवू म्हणाला तर चहा पाज पण ऐकू नकोस — आपल्याकडचा पाऊस दिवसभर भुरभुरत नाही, अर्ध्या तासात सगळं ओतून मोकळा होतो.

टिपाड घेताना

१०. भंगारात मिळणारे निळे ड्रम वाळूज, चिकलठाण्याच्या कारखान्यांतून आलेले असतात. लेबल वाच, आणि लेबल खरवडलेलं असेल तर घेऊच नकोस — आत काय होतं हे विकणाऱ्याला माहीत नसतं आणि तुझ्या टोमॅटोला कळून उपयोग नसतो.

११. सरबताचा अर्क, खाद्यतेल, साखरेचा पाक असं काही भरलेलं टिपाड सोडा घालून दोनदा धुऊन घे, मग झाकण लावून दिवसभर उन्हात ठेव आणि उघडून हुंग — गरम झाल्यावर प्लास्टिक आपला पूर्वेतिहास सांगून टाकतं.

१२. टाकी काळी किंवा गडद रंगाची घे. पांढरट, आरपार उजेड जाणारी असेल तर जुनी गोणपाटं किंवा रंग चढव — उजेड आत गेला की आठवड्यात शेवाळ.

१३. टिपाड जमिनीवर ठेवू नकोस, विटांचा दीड-दोन फूट ओटा बांध — तोटीखाली झारी उभी राहिली पाहिजे, नाहीतर रोज मग बुडवत बसशील आणि चार दिवसांत कंटाळशील.

१४. तोटी तळापासून दोन-तीन इंच वर बसव — गाळ खाली निवांत बसतो, त्याला उठवायचं नाही.

१५. तळाशी मात्र गाळ काढायला वेगळं बूच ठेव. हे गाव वसवणाऱ्या मलिक अंबरच्या जमिनीखालच्या नहरीलासुद्धा ठिकठिकाणी खाली उतरून साफ करायची तोंडं होती. तू आणि मी काही त्याच्याहून शहाणे नाही.

१६. सांडव्याचा पाइप आत येणाऱ्या पाइपाएवढाच जाड हवा — चार इंचांनी आलेलं पाणी एका इंचानं बाहेर पडत नाही, ते झाकण उचलून भिंतीवर चढतं.

१७. एकाला एक टिपाड जोडायचं तर वरच्या अंगानं जोड, पहिलं भरलं की दुसऱ्यात सांडेल असं — गाळ पहिल्यातच थांबतो, पुढचं पाणी नितळ मिळतं.

१८. हजार लिटरची टाकी म्हणजे एक टन वजन. गच्चीवर ठेवायची तर खालच्या तुळया-खांबांवर येईल अशी, आणि इंजिनिअरला विचारूनच — स्लॅबच्या मधोमध ठेवलेली टाकी लगेच काही बोलत नाही, हीच तिची खोड.

१९. टिपाडाची जागा झाडांपाशी, फाटकापाशी नको — झारी जितकी पावलं चालते तितके दिवस उत्साह कमी टिकतो.

२०. झाकणाला कडी लाव आणि घरात रांगतं-चालतं लेकरू असेल तर कुलूपही — बादलीभर पाणीही त्या वयाला खोल असतं. या मुद्द्यावर मी थट्टा करत नाही.

२१. पावसाचं पाणी नळाच्या हौदात सोडू नकोस, जागा कितीही रिकामी दिसली तरी — गच्चीवरचं पाणी झाडांचं, हौदातलं पिण्याचं. एकदा मिसळलं की दोन्ही झाडांचंच.

आता जरा थांब, हिशेब करू. पाटी-पेन्सिल नको, तोंडी होतो.

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. हजार चौरस फूट म्हणजे ९३ चौरस मीटर. आपल्याकडे वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, म्हणजे तुझ्या एका गच्चीवर ६५ हजार लिटर उतरतं. पाचवा हिस्सा उडणं, झिरपणं, पहिलं पाणी सोडणं यात गेला म्हण, तरी ५२ हजार उरतं. आकडा ऐकून लगेच मोठी टाकी बघायला निघू नकोस. दुसरं गणित ऐक. दोनशे लिटरचं टिपाड भरायला या गच्चीवर जेमतेम अडीच मिलिमीटर पाऊस लागतो. म्हणजे छत्री सापडेपर्यंत ते भरलेलं असतं. पंचवीस मिलिमीटरचा एक चांगला पाऊस झाला तर गच्चीवर २,३०० लिटर आलं, तू धरलंस दोनशे, बाकी गेलं.

लोक इथं चुकतात. भरलेलं टिपाड बघून त्यांना समाधान वाटतं, पाणी ‘उन्हाळ्यासाठी’ राखून ठेवतात आणि पुढचे दहा पाऊस शेजारून वाहून जातात. भरल्या टिपाडात आभाळ मावत नाही, लेकरा. तेच टिपाड पावसाळ्यात पंधरा वेळा रिकामं केलंस तर तीन हजार लिटर वापरलंस, आणि राखून ठेवलंस तर दोनशे. बरं, ते दोनशेही उन्हाळ्याला पुरत नाहीत. पंधरा कुंड्यांना रोज लिटरभर दिलं तर तेरा दिवसांत तळ दिसतो.

या गावाला हे नवीन नाही. मलिक अंबरनं १६१० साली खडकी, म्हणजे हेच आपलं गाव, वसवली आणि डोंगरात मुरलेलं पाणी जमिनीखालच्या नहरीनं, निव्वळ उतारावर, गावात आणलं. पाणचक्की नंतरची, अठराव्या शतकातली. तिचं जातं साठलेल्या पाण्यावर नाही, पडत्या पाण्यावर फिरायचं. तेव्हा साठवण्यापेक्षा फिरवण्याकडे लक्ष दे.

पाऊस येतो तेव्हा

२२. मोसमाचा पहिला पाऊस पूर्ण सोडून दे, आणि नंतरही आठ-दहा दिवसांच्या उघडिपीनंतर आलेल्या पावसाची पहिली दहा मिनिटं सोड — धूळ, कबुतरांची घाण, गाड्यांची काजळी सगळी तेवढ्यात धुऊन निघते.

२३. त्यासाठी टिपाडाच्या आधी पाइपाला एक टी आणि एक बॉल व्हॉल्व्ह लाव: आधी वाट मातीकडे, मग टिपाडाकडे — व्हॉल्व्ह फिरवायला दोन बोटं लागतात, घाण पाणी उपसायला अख्खी दुपार.

२४. पहिलं पाणी आपोआप अडवणारा उभा पाइपही मिळतो, पण हिशेब करून घे: चार इंची पाइपात मीटरमागे आठच लिटर मावतं, आणि गच्ची धुवायला निदान एक मिलिमीटर पाऊस, म्हणजे ९३ लिटर, लागतो — नुसता एक हात लांबीचा पाइप बसवून कुणी दुप्पट बिल लावलं तर हसून नमस्कार कर.

२५. पहिलं पाणी सोडायचं म्हणजे गटारात नाही; शेवगा, कडुलिंब, सीताफळ अशा मोठ्या झाडाच्या आळ्यात सोड — झाडाला धूळ चालते, टिपाडाला चालत नाही.

२६. विजा कडाडत असताना पन्हळ मोकळी करायला गच्चीवर जाऊ नकोस — पाणी तुंबलं तर तुंबू दे, विजा थांबेपर्यंत भिंत थोडी भिजेल, बाकी काही होत नाही.

२७. उघडीप पडल्यावर जातानाही चप्पल खरखरीत तळाची घाल — पंधरा दिवसांच्या झडीनंतर गच्चीवर जे हिरवं दिसतं ते गवत नसतं.

२८. गच्चीवर कुंड्या असतील तर त्यांतून झिरपलेलं तांबूस पाणी साठवू नकोस, त्याच दिवशी खाली दे — खत-मातीचं पाणी दुसऱ्या दिवशी वास मारतं.

२९. सरळ भिंतीची एक काचेची बरणी गच्चीवर उघड्यावर ठेव आणि सकाळी पट्टीनं मोजून कॅलेंडरवर लिही — दहा मिलिमीटर झाला की पंचवीस, हे अंदाजानं कधीच कळत नाही. प्रत्येकाच्या गच्चीवर मुसळधारच झालेला असतो.

टिपाड रिकामं करण्याची कला

३०. सकाळी आभाळ बघ. भरून आलं असेल आणि टिपाड भरलेलं असेल तर निम्मं मोठ्या झाडांना देऊन टाक — पाऊस आला तर पुन्हा भरेल, नाही आला तर झाड प्यालंच आहे. यात हरायचं काहीच नाही.

३१. पुष्य, आश्लेषा म्हणजे जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत आपल्याकडे पाऊस बऱ्याचदा दडी मारतो. टिपाडाचं खरं काम त्या खंडात आहे, मेमध्ये नाही — पावसाळ्यात रुजलेली कोवळी रोपं याच दिवसांत माना टाकतात, कारण ‘पावसाळाच तर आहे’ म्हणून त्यांना कुणी पाणी घालत नाही.

३२. खंडात रोपांना आधी, मोठ्या झाडांना मग, हिरवळीला सगळ्यात शेवटी — हिरवळ पिवळी पडली तरी मघा-पूर्वाच्या पावसात परत येते, भोपळ्याचं रोप येत नाही.

३३. टिपाडातलं पाणी रोज थोडं वापर, सणासुदीचं म्हणून ठेवू नकोस — वापरणाऱ्याच्या हाताला वास, गाळ, डास लगेच कळतात, राखणाऱ्याला महिन्यानं.

३४. हस्त आणि चित्रा, म्हणजे सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत जे येईल ते मात्र घट्ट धर — यानंतर भरवसा नाही. काटकसर करायची ती इथून पुढं.

जालन्याजवळच्या कडवंचीचं उदाहरण तुला कुणीतरी देईलच. तिथं शेततळ्यांवर द्राक्षबागा उभ्या आहेत, मग आपण का साठवू नये? खरं आहे, पण शेततळं म्हणजे काही दोनशे लिटर नव्हे. आणि त्या गावानं पाणलोटाची कामं आधी केली, माथ्यावरचं पाणी मातीत मुरवलं, शेततळ्यांची गर्दी त्यानंतरची. क्रम लक्षात ठेव. तुझ्या घरातली सगळ्यात मोठी टाकी तू चालतोस ती जमीन आहे, आणि तिला झाकण, तोटी, जाळी काही लागत नाही.

जमिनीत मुरवताना

३५. टिपाडाचा सांडवा शोषखड्ड्यात सोड, आणि खड्डा पायापासून निदान दहा फूट लांब घे — आपली काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हात आकसते, आणि तिच्यासोबत भिंतही ये-जा करते. घराला पडलेल्या तिरक्या भेगा बऱ्याचदा इथूनच आलेल्या असतात.

३६. सेप्टिक टँकपासूनही तेवढाच लांब ठेव — पावसाचं पाणी आणि ते पाणी यांची ओळख होऊ द्यायची नाही.

३७. खड्डा तीन फूट लांब, तीन फूट रुंद पुरतो, खोली मात्र मुरूम लागेपर्यंत — काळ्या मातीत पाणी हळूहळू मुरतं, मुरुमात सरसर. आपल्या शहरातल्या सातारा परिसरात, डोंगराच्या कडेला मुरूम लवकर हाताला येतो. सखल भागात काळी माती जास्त खोदावी लागते.

३८. खोदून झाला की भरायच्या आधी चार बादल्या पाणी ओतून ठेव; दुसऱ्या दिवशीही तसंच दिसलं तर जागा बदल — खाली कातळ आहे, तो तुझ्या मतावर वितळणार नाही.

३९. तळाला मोठे दगड, वर विटांचे तुकडे, वर खडी, सगळ्यात वर वाळू — गाळ वाळूवरच अडतो, आणि वर्षाआड तेवढाच वीतभर थर बदलावा लागतो.

४०. बोअरमध्ये गच्चीचं पाणी थेट सोडू नकोस, कुणी कितीही सोपं म्हणालं तरी — गाळानं झरे बुजले की बोअर परत बोलत नाही. करायचंच तर गाळणीसह, जाणकाराकडून. पैठण रोडवर कांचनवाडीला १९८० पासून वाल्मी ही संस्था आहे, पाणी आणि जमीन हाच त्यांचा अभ्यासाचा विषय.

४१. खड्ड्याला जागाच नसेल तर सांडवा अळूच्या वाफ्यात सोड, शेजारी कर्दळ लाव — दोघांना पाय ओले आवडतात, आणि श्रावणात वडीची पानं घरची निघतात.

४२. आळी उथळ आणि रुंद कर, खोडाला मात्र मातीची चढण दे — पाणी मुळांच्या टोकांना हवं असतं, खोडाला टेकलं की खोड कुजतं.

४३. उघड्या मातीवर पालापाचोळा, उसाचं पाचट, भुईमुगाची टरफलं, जे मिळेल ते चार बोटं पसर — पावसाच्या माऱ्यानं माती थापली जात नाही आणि उघडिपीत ओल टिकते. जो ओल राखतो, तो हिरवं खातो.

डासांचं बारसं

४४. डेंगीचा डास घाण पाण्यात नाही, तुझ्या या स्वच्छ, स्थिर पाण्यातच अंडी घालतो, आणि अंड्यापासून उडणारा डास आठ-दहा दिवसांत तयार — म्हणून आठवड्याला एक वार ठरव, त्या दिवशी सगळं उघडून बघायचं. झाकणाला आळस, तर डासाला बारसं.

४५. सांडव्याच्या तोंडावर, हवेच्या भोकावर, पाइप आत येतो त्या फटीवर बारीक नायलॉनची जाळी ताणून बांध — झाकण घट्ट लावून बाजूला दोन बोटं फट ठेवणारे पुष्कळ आहेत, डास त्यांना दुवा देतात.

४६. टिपाड रिकामं झालं की आतली भिंत घासून काढ, नुसतं हिसळू नकोस — अंडी पाण्याच्या रेषेला भिंतीवर चिकटलेली असतात आणि कोरडी होऊनही महिनोन्महिने तग धरतात.

४७. मोठ्या टाकीत चार-सहा गप्पी मासे सोड. ते अळ्या खातात आणि हिवताप विभागात विचारलं तर बहुधा मिळतात — पण उरलेले सलीम अली तलावात नेऊन सोडू नकोस, तिथल्या माशांनी तुझं काही बिघडवलेलं नाही.

४८. पाण्यावर रॉकेल, खाण्याचं तेल असलं काही टाकू नकोस — डास मरतील, पण झारीतून ते मोगऱ्यालाही जाईल.

४९. पावसाळ्यात कुंड्यांखालच्या बशा काढून ठेव — बागेत टिपाडाकडे सगळे बघतात, बशीकडे कुणी बघत नाही. डास बघतो.

झाडांच्या तोंडी

५०. बोअरच्या पाण्यानं कुंडीच्या काठावर जो पांढरा थर धरतो तो क्षार. पावसाच्या पाण्यात तो जवळजवळ नसतोच. म्हणून हे पाणी आधी कुंड्यांना, जमिनीतल्या झाडांना नंतर — कुंडीतला क्षार कुठं जाणार बिचारा?

५१. घरातल्या कुंड्या एका संथ पावसात दोन-तीन तास बाहेर ठेव, खालची भोकं मोकळी करून — वर्षभराचे साठलेले क्षार धुऊन निघतात. मात्र ऊन पडायच्या आत उचल, सावलीतली पानं उन्हाला बुजतात.

५२. कोथिंबीर, पालक, मेथीवर वरून शिंपडू नकोस, मुळाशी दे, आणि भाजी नळाच्या पाण्यानं धुऊनच चिर — गाळलं तरी हे गच्चीवरून आलेलं पाणी आहे, कबुतरांची आठवण ठेवलेली बरी.

५३. दोडका, कारलं, भोपळ्याच्या आळ्यात पाच लिटरचं कच्चं, झिरपणारं मडकं गळ्यापर्यंत पुरून पावसाच्या पाण्यानं भर आणि वर झाकण ठेव — मुळं आपापल्या गरजेपुरतं ओढून घेतात, तुला चार दिवस गावाला जाता येतं. क्षाराचं पाणी घातलंस तर मडक्याची छिद्रं बुजतात, म्हणून हे काम पावसाच्याच पाण्याचं.

५४. उन्हाळ्यात पावसाचं पाणी नसतं तेव्हा एसीचं ठिबकणारं पाणी कुंड्यांना दे, कूलरचं उरलेलं नको — एसीचं हवेतून आलेलं असतं, बिनक्षाराचं. कूलरमध्ये पाणी उडून जातं आणि क्षार मागं दाट होत राहतात. आरओनं टाकलेलं पाणीही तसलंच, ते फरशी पुसायला.

५५. पाणी सकाळी उन्हाच्या आत दे. संध्याकाळी द्यायचं तर दिवेलागणीच्या आधी — रात्रभर ओल्या राहिलेल्या पानांवर बुरशी सुखानं नांदते.

शेजारपाजार

५६. रोहाउसला भिंत सामाईक असते, तेव्हा सांडव्याचं तोंड कुठं वळतं ते शेजाऱ्याला बोलावून, उभं करून दाखव — पाणी त्यांच्या ओट्यावर गेलं की ते तुझं असतं, त्यांच्या जास्वंदीला गेलं की देवाचं.

५७. तुझं टिपाड भरलं आणि त्यांचं रिकामं असेल तर नळी टाकून दे, मागायची वाट बघू नकोस — नळाला पाणी नाही आलं त्या दिवशी त्यांच्या हौदातून येणारी बादली याच नळीनं परत येते.

५८. चार-दोन घरांनी मिळून एक लांब बांबूचा खराटा आणि पाइप मोकळा करायची तार घेऊन ठेवा, पण ती कुणाकडे आहे हे लिहून ठेवा — जुलैत सगळ्यांना ती लागते आणि जूनमध्ये ती कुणाकडेच नसते.

दिवाळीच्या सुमारास

५९. स्वाती सरली की टिपाडाचं तळचं बूच काढून गाळ बाहेर घे आणि तो फेकू नकोस, गुलाबाच्या आळ्यात मिसळ — गच्चीवरची धूळ म्हणजे कुणाच्या तरी शेतातून उडून आलेली मातीच.

६०. टिपाड उपडं करून सावलीत ठेव, जाळ्या धुऊन पिशवीत, व्हॉल्व्ह मातीच्या बाजूला वळवलेला — फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट झाली तर ते पाणी आपोआप झाडांकडे जाईल, तुला घाईत काही शोधावं लागणार नाही.

६१. आणि दिवाळीच्या आवराआवरीत ‘रिकामंच तर पडलंय’ म्हणून ते भंगारवाल्याला देऊ नकोस — मृगाला तोच तुला परत विकेल, दुपटीनं, आणि तोटीचं भोक बुजवल्याचे पैसे वेगळे लावेल.